वायर: लाइव्ह कार्यक्रम आणि बँडबाहेरचे उद्योग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या 'वायर' या पोस्ट-पंक (म्हणजे पंक रॉकच्या लाटेतून पुढे निघालेल्या प्रयोगशील) बँडचे दोन चाहते भेटले की वाद ठरलेला. एकाचं म्हणणं, पहिले तीन अल्बम झाले आणि विषय संपला. दुसऱ्याचं म्हणणं, खरी गंमत तिथून पुढे सुरू होते. नवीन ऐकणारा बिचारा मध्येच अडकतो आणि मग तेच ते प्रश्न विचारतो. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी दुसऱ्या पार्टीतला आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या हिशेबानेच उत्तरं वाचावीत.

वायर म्हणजे नेमकं कोण?

कॉलिन न्यूमन (गायन, गिटार), ब्रूस गिल्बर्ट (गिटार), ग्रॅहम लुईस (बेस, गायन) आणि रॉबर्ट ग्रे (ड्रम). जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर ग्रेचं नाव रॉबर्ट गोटूबेड असं दिसेल, माणूस तोच. बँड १९७६ साली लंडनमध्ये जमला. न्यूमन वॉटफर्डच्या आर्ट कॉलेजात शिकत होता आणि गिल्बर्ट तिथेच तंत्रसहायक होता. गिल्बर्टचा जन्म १९४६चा, म्हणजे पंकच्या ऐन भरात बाकीची पोरं विशीत असताना हा गृहस्थ तिशी ओलांडलेला. त्याच्या वागण्यातला तो थंडपणा पुढे पुष्कळ गोष्टींचा उलगडा करतो.

सुरुवातीला जॉर्ज गिल नावाचा पाचवा गडी होता, तोही गिटारवर. १९७७च्या सुरुवातीलाच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला गेला. त्याच्याबरोबर गिटारच्या लांबलचक करामतीही गेल्या आणि गाणी एकदम सडपातळ झाली. शब्द संपले की गाणं संपलं, असा साधा हिशेब. पहिल्या अल्बममध्ये, १९७७च्या 'पिंक फ्लॅग'मध्ये, साधारण पस्तीस मिनिटांत २१ गाणी बसली ती यामुळेच. 'फील्ड डे फॉर द संडेज' तर अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपतं.

चौघांचा पहिला कार्यक्रम कुठला?

लंडनमधला 'रॉक्सी' क्लब, १ एप्रिल १९७७. त्या आणि दुसऱ्या दिवशीच्या रात्री निर्माता माइक थॉर्न तिथे वेगवेगळ्या बँडचं रेकॉर्डिंग करत होता. त्यातून निघालेल्या संकलनात वायरची दोन गाणी आहेत: 'लोडाउन' आणि 'ट्वेल्व एक्स यू'. पुढे थॉर्ननेच त्यांचे पहिले तीन अल्बम केले. म्हणजे पदार्पणाच्या रात्रीच टेप फिरत होती आणि निर्माताही समोर होता. असं नशीब फार थोड्यांना मिळतं.

हे लोक मैफलीत जुनी गाणी का वाजवत नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा रागाने विचारलेला.

वायरसाठी स्टेज ही गाजलेली गाणी पुन्हा सादर करण्याची जागा कधीच नव्हती. ती नवीन गाणी तपासून बघण्याची जागा होती. 'पिंक फ्लॅग' दुकानात येऊन थोडे महिने होतात न होतात तोच स्टेजवर पुढच्या, दुसऱ्या अल्बमची, 'चेअर्स मिसिंग'ची गाणी सुरू झालेली. लोकांनी 'चेअर्स मिसिंग' पाठ करेपर्यंत बँड तिसऱ्या अल्बमवर पोचलेला. त्या तिसऱ्या अल्बमचं नाव '१५४' का, तर तोवर त्यांचे तेवढे कार्यक्रम झाले होते! स्वतःच्या मैफलींचा आकडा अल्बमला नाव म्हणून देणारा बँड मैफलीला किरकोळ समजत नाही, एवढं तरी कबूल करायला हवं.

आपल्याकडे संगीत नाटकात 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा म्हणायचं, ही रीत. बालगंधर्वांच्या प्रयोगांना त्यामुळे पहाट व्हायची. प्रेक्षक मागणार आणि गायक देणार, हा करार दोघांनाही मान्य होता. वायरने तो करारच केला नाही. तुम्ही मागाल ते आम्ही देणार नाही. जे अजून तुम्हाला माहीतच नाही ते देऊ. यात उद्धटपणा आहेच, मी नाकारत नाही. पण त्याचमुळे १९७८ची एखादी टेप आणि १९७९ची टेप शेजारी ठेवली तर एकच बँड आहे यावर विश्वास बसत नाही.

या हट्टाचं टोक १९८७ साली गाठलं गेलं. अमेरिकेच्या दौऱ्यावर जायचं होतं, तिकडचे लोक 'पिंक फ्लॅग'साठी आसुसलेले, आणि बँडला त्यातलं काही वाजवायचं नव्हतं. मग त्यांनी 'एक्स-लायन टेमर्स' नावाचा, त्यांचीच गाणी वाजवणारा अमेरिकन बँड बरोबर घेतला. हे लोक आधी स्टेजवर येऊन अख्खा 'पिंक फ्लॅग' वाजवून जात. त्यानंतर खरी वायर येऊन फक्त नवीन गाणी वाजवी. त्या बँडच्या ड्रमवर होता जिम डेरोगॅटिस, पुढे शिकागोत नावाजलेला संगीतसमीक्षक. स्वतःची जुनी कामं दुसऱ्याला कंत्राटाने देणारा दुसरा बँड मला तरी ठाऊक नाही.

मग जुनी गाणी कधीच नाहीत?

तसं नाही. २००० साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ते पुन्हा एकत्र आले तेव्हा जुनी गाणी वाजली. पुढच्या काळात सेटमध्ये नवं-जुनं मिसळलेलं असतं. मात्र 'आउटडोअर मायनर' ऐकायला मिळेलच, या आशेने तिकीट काढणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी.

इलेक्ट्रिक बॉलरूमच्या त्या रात्री नक्की काय झालं?

२९ फेब्रुवारी १९८०, लंडनच्या कॅम्डन भागातला इलेक्ट्रिक बॉलरूम. पंकच्या चाहत्यांनी हॉल भरलेला. त्यांना हवं होतं 'ट्वेल्व एक्स यू'. त्यांना मिळालं ते असं: एका गाण्याच्या वेळी डोक्याला वर्तमानपत्राच्या टोप्या घातलेले बाराजण ताल बडवतायत. दुसऱ्यात गायक हातोड्याने गॅसच्या शेगडीवर तुटून पडलाय. एका गाण्याला गायकाच्या साथीला गूस पक्ष्याची दिव्याने उजळलेली प्रतिकृती. आणखी एकात सगळे गुडघ्यापर्यंत काळे बुरखे ओढून उभे. आणि गाणी? जवळपास सगळी नवी, कुणीही कधी न ऐकलेली, कितीतरी अर्धवट.

लोक खवळले. आरडाओरडा, शिव्या, बाटल्या. मध्येच बँडने 'ट्वेल्व एक्स यू'चा तुकडा वाजवला, तोही असा की मागणाऱ्याला आपण का मागितलं असं व्हावं.

याची पूर्वतयारी आधी झालीच होती. १९७९च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्याच जेनेटा कॉक्रेन थिएटरमध्ये 'पीपल इन अ रूम' या नावाने चार रात्रींचा कार्यक्रम झाला. प्रत्येक सदस्याचं स्वतंत्र सादरीकरण, मग बँड. थिएटरमध्ये खुर्चीत बसलेल्या माणसाला हे चाललं. रॉकच्या हॉलमध्ये बिअर हातात घेऊन उभ्या असलेल्याला नाही चाललं. आर्ट गॅलरीत जे 'परफॉर्मन्स' म्हणून टाळ्या घेतं, तेच दोन मैल अलीकडे बाटल्या खातं. त्या रात्री दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, असं मला वाटतं. मात्र वेळ वाईट होती: ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी संबंध संपत आलेले, चौघांत न्यूमन एका दिशेला आणि गिल्बर्ट-लुईस दुसऱ्या दिशेला. यानंतर बँड पाच वर्षं थांबला.

त्या रात्रीची रेकॉर्ड, 'डॉक्युमेंट अँड आयविटनेस', घ्यावी का?

पहिला अल्बम म्हणून घेत असाल तर बिलकुल नको. आवाज खराब आहे. गाण्यांच्या मध्ये त्या कार्यक्रमाविषयी बोलणाऱ्या माणसांची निवेदनं येतात, प्रेक्षकांचा गलका येतो. १९८१ साली रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने ती काढली तेव्हा अनेकांना ती थट्टाच वाटली.

पण एकदा बँडची सवय झाली की हेडफोन लावून ऐका. हातोडा शेगडीवर पडतो तो आवाज एखाद्या वाद्यासारखा नाही, खरोखरच पत्र्यासारखा येतो. मागून कुणीतरी ओरडतं. बँड थांबत नाही. गाणं बिघडतंय की मुद्दामच तसं आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. 'मुद्दाम आणि बिघाड' यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत वायरचं सगळं उत्तम काम आहे, असं माझं मत.

याचा पुढचा भाग तर अधिकच मजेशीर. ज्या गाण्यांवर १९८०मध्ये बाटल्या पडल्या, त्यांचे तुकडे बँडने तीसेक वर्षांनी पुन्हा उघडले, सोलले, नव्याने रचले. २०१३चा 'चेंज बिकम्स अस' हा अल्बम त्यातून झाला. दोन्ही पाठोपाठ ऐका. गुलाबाचं कलम केल्यासारखं काहीतरी सापडेल: खोड तेच, फूल वेगळं.

तरुणपणीची वायर चांगल्या चित्रीकरणात बघायची असेल तर?

'रॉकपालास्ट' या जर्मन टीव्ही कार्यक्रमासाठी १९७९च्या फेब्रुवारीत केलेलं चित्रीकरण. ते पुढे 'वायर ऑन द बॉक्स: १९७९' या नावाने डीव्हीडीवर आलं. '१५४' अजून बाहेर आलेला नव्हता, पण त्यातली गाणी इथे वाजतात. लोक नुसते टक लावून ऐकतायत. नाचगाणं नाही, हुल्लड नाही. कुणी कुणाकडे बघून हसत नाही, 'थँक यू कलोन' वगैरे नाही. ग्रेचा ड्रम बघा: मोजका संच, फुकटची झांज नाही, कुठे एक जादा टोला नाही. बँडचा कणा कोण, असं कुणी विचारलं तर मी याच चित्रीकरणाकडे बोट दाखवतो.

बीबीसीच्या जॉन पील सेशनचा तो किस्सा खरा आहे का?

खरा आहे. पील हा रेडिओचा निवेदक. त्याच्या कार्यक्रमात बँडला बोलावलं की साधारणपणे चार गाणी रेकॉर्ड करायची पद्धत. वायरने आधी दोनदा तसं रीतसर केलं. १९७९च्या तिसऱ्या खेपेला त्यांनी एकच गाणं दिलं, 'क्रेझी अबाउट लव्ह', पंधरा मिनिटांचं. अर्ध्या मिनिटाच्या गाण्यांवर नाव कमावलेल्यांनी!

'ड्रिल' हे गाणं आहे, अल्बम आहे की महोत्सव?

तिन्ही. १९८६च्या 'स्नेकड्रिल' या ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) ते गाणं आलं. एकच ठोका, जवळपास एकच स्वर, आणि तो चालूच. पुनर्जन्म घेतलेल्या वायरचं सगळं तत्त्वज्ञान त्या ठोक्यात होतं: कॉर्ड बदलायची गरज नाही, कडवं-धृपद नको, फक्त आपटत राहायचं. स्टेजवर ते कधी पाच मिनिटं चाले, कधी खूप लांबे. १९९१ साली त्यांनी या एकाच गाण्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचा अख्खा अल्बम काढला, 'द ड्रिल'. तो एका बैठकीत ऐकून होणं अवघड आहे. मला जमत नाही.

महोत्सवाचं पुढे वेगळं उत्तर आहे.

'इट्स बिगिनिंग टू अँड बॅक अगेन' लाइव्ह अल्बम आहे का?

हो आणि नाही. १९८९चा. मैफलींचं रेकॉर्डिंग घेतलं, स्टुडिओत नेलं, प्रेक्षकांचे आवाज काढून टाकले आणि बरंचसं पुन्हा बांधलं. लाइव्ह अल्बममधून 'लाइव्ह' काढून टाकण्याचा उद्योग. ऐकायला मात्र गोड आहे, 'इअरड्रम बझ' त्याच्याच सुमाराचं.

'वायर'चं 'विर' कधी झालं?

१९९० सुमारास ड्रम मशीन आणि सिक्वेन्सरने (ठोके-स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रांनी) एवढी जागा व्यापली की ग्रेला आपण इथे काय करतोय असा प्रश्न पडला आणि तो बाहेर पडला. शेती करू लागला. हे मी रूपक म्हणून सांगत नाहीये, खरोखर शेती. चौथा गेला म्हणून बाकी तिघांनी इंग्रजी नावातलं चौथं अक्षर गाळलं आणि १९९१ला 'द फर्स्ट लेटर' काढला. पोरकटपणा म्हणा हवं तर, पण हिशेब चोख आहे. २०००मध्ये ग्रे परतला आणि अक्षरही परतलं.

बार्बिकनच्या कार्यक्रमाचं एवढं कौतुक का?

२००३ साली लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांनी 'पिंक फ्लॅग' सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला आणि त्याच कार्यक्रमात तेव्हाचा ताजा अल्बम 'सेंड'ही वाजवला. नेपथ्य एस डेव्हलिन या नाटकाच्या क्षेत्रातल्या तरुण नेपथ्यकार बाईंनी केलं. चौघांना चार स्वतंत्र चौकटींत उभं केलेलं, प्रत्येकजण आपल्या पेटीत एकटा, त्यांच्यावर प्रक्षेपित चित्रं. बँड म्हणजे घाम, खांद्याला खांदा, एकमेकांकडे बघून दिलेली सम. हे सगळं एका फटक्यात उडवून लावलेलं. या चौघांच्या आपसातल्या संबंधांचं यापेक्षा खरं चित्र कुणी काढलेलं नाही.

डेव्हलिनबाईंनी पॉप-रॉकच्या स्टेजसाठी केलेलं हे पहिलं काम. पुढे त्या कान्ये वेस्ट, बियॉन्से यांच्यासारख्यांचे प्रचंड स्टेडियम शो करू लागल्या. आज स्टेडियमभर चमकणाऱ्या त्या पेट्यांची वंशावळ काढत गेलात तर वायरपाशी येऊन पोचाल.

बँडबाहेरचे उद्योग इतके का? हिशेब लागत नाही.

कारण १९८० नंतर बँड थांबला, माणसं थांबली नाहीत. 'बाजूचे प्रोजेक्ट' हा शब्दच मला इथे खटकतो. ज्या गोष्टी एका बँडमध्ये मावेनात त्या वेगवेगळ्या नावांनी बाहेर पडल्या, आणि पाच वर्षांनी सगळे त्याच गोष्टी घेऊन बँडमध्ये परतले. 'ड्रिल'चा तो एकसुरी ठोका 'पिंक फ्लॅग'मधून आला नाही. तो या मधल्या वर्षांतून आला. मुख्य कामं अशी.

न्यूमनचा 'ए टू झी' (१९८०). यातलं बरंचसं वायरच्या चौथ्या अल्बमसाठी होतं, जो झालाच नाही. निर्माता तोच थॉर्न, ड्रमवर तोच ग्रे. म्हणून पहिल्या पार्टीवाल्यांनो, तुमचा हरवलेला चौथा अल्बम इथे पडलेला आहे, उचला. यातलं 'अलोन' हे गाणं 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' चित्रपटात वाजतं. 'धिस मॉर्टल कॉइल' या संगीतसमूहाने न्यूमनची 'नॉट मी' आणि 'अलोन' दोन्ही स्वतःच्या पद्धतीने केली. त्यानंतरचा 'द सिंगिंग फिश' (१९८१) बिनगाण्याचा आहे आणि त्यातल्या तुकड्यांची नावं 'मासा एक', 'मासा दोन' अशी बारापर्यंत.

गिल्बर्ट आणि लुईसचं 'डोम'. आग्नेय लंडनमध्ये, जुन्या चर्चच्या इमारतीत, एरिक रॅडक्लिफचा ब्लॅकविंग स्टुडिओ होता. डेपेश मोड आणि याझू यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डही तिथल्याच. या दोघांनी तिथे १९८० आणि १९८१मध्ये भराभर तीन अल्बम केले, स्वतःच्याच लेबलवर. गाणी म्हणावं तर आहेत, नाहीही. कुठेतरी यंत्र खोकतंय, कुठेतरी गिटार आहे पण गिटारसारखी वाजत नाही, आणि मध्येच लुईसचा तो खर्जातला, सुंदर आवाज येऊन जातो. याच काळात त्यांनी 'क्यूपोल' नावाने फोर-एडी लेबलसाठी आणि म्यूट लेबलच्या डॅनियल मिलरला घेऊन 'ड्युएट एमो' नावाने काम केलं. हे दुसरं नाव म्हणजे 'डोम' आणि 'म्यूट' यांची अक्षरं उलटीपालटी करून केलेलं.

एक काम वेगळं सांगायला हवं. १९८१ साली लंडनच्या वॉटरलू गॅलरीत गिल्बर्ट, लुईस आणि चित्रकार रसेल मिल्स यांनी सापडलेल्या वस्तूंची वाद्यं करून मांडली, आणि येणाऱ्या कुणीही ती वाजवावीत असं ठेवलं. त्याचं रेकॉर्डिंग 'एमझूई' नावाने निघालं. इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या होत्या, इथे प्रेक्षकांच्याच हातात वाद्यं दिली. दोन घटनांत दीडच वर्षाचं अंतर.

लुईस एकटा: 'ही सेड' या नावाने 'हेल' (१९८६) आणि पुढचा 'टेक केअर'. ज्यांना डोम झेपत नाही त्यांनी इकडे यावं. नाचता येईल असं आहे. तो पुढे स्वीडनला स्थायिक झाला.

गिल्बर्ट खरंच शेडमध्ये बसून डीजेगिरी करायचा?

हो. १९९०च्या दशकात लंडनला 'डिसओबे' नावाची क्लब-रात्र होती. तिथे गिल्बर्ट 'द बीकीपर', म्हणजे मधमाशीपालक, या नावाने रेकॉर्ड लावायचा, तेही बागेत अवजारं ठेवायला असते तसल्या लाकडी खोपटात बसून. लोक बाहेर, डीजे खोपटात. वयाची पन्नाशी आलेली. ज्याला प्रेक्षकांशी नजरानजर नको आहे त्याने शोधलेला यापेक्षा बरा मार्ग मी ऐकला नाही.

त्याची नृत्यासाठीची कामंही शोधा. मायकेल क्लार्क या नर्तकासाठी केलेलं संगीत 'धिस वे' (१९८४) या रेकॉर्डवर आहे. आणि 'ए. सी. मरायस' या नावाने गाणाऱ्या अँजेला कॉनवेचा १९८९चा अल्बम, त्यात गिल्बर्टचा मोठा हात; माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत दुर्लक्षित चांगली रेकॉर्ड.

गिटहेड आणि इमर्शन यांत फरक काय?

दोन्हींत न्यूमन आणि त्याची पत्नी मल्का स्पिगेल. त्या 'मिनिमल कॉम्पॅक्ट' बँडच्या बेसवादक आणि गायिका. दोघं मिळून 'स्विम' हे लेबल चालवतात. इमर्शन हे दोघांचंच, बहुतेक बिनशब्दांचं, इलेक्ट्रॉनिक. १९९४ला 'ऑसिलेटिंग'पासून सुरू झालं, मधे झोपलं, २०१६ला जागं झालं. आता ब्रायटनमध्ये ते 'नॅनोक्लस्टर' नावाने पाहुण्यांबरोबर कार्यक्रम करतात: आधी पाहुणे, मग इमर्शन, मग दोघांचं एकत्र रचलेलं नवीन काम. तारवॉटर, लेटिशिया सादिए, उलरिच श्नाउस, स्कॅनर हे पहिल्या खंडात आहेत. गिटहेड हा रीतसर चौघांचा बँड: हे दोघं, स्कॅनर म्हणजे रॉबिन रिम्बॉड, आणि मिनिमल कॉम्पॅक्टचा ड्रमर मॅक्स फ्रँकन. तो २००४ला लेबलच्या दहाव्या वर्षाच्या निमित्ताने जमला. एका संध्याकाळीपुरता जमलेला बँड पुढे अल्बमवर अल्बम काढत गेला. 'आर्ट पॉप' (२००७) ऐका.

न्यूमन भारतात राहून गेला म्हणतात?

१९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात, एकट्याच्या अल्बमांनंतर आणि वायर पुन्हा जमण्याआधी, तो भारतात येऊन राहिला होता. म्हणून लगेच त्याच्या गाण्यांत सतार शोधायला जाऊ नका. मिळणार नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

इलॅस्टिका या बँडने वायरची चाल चोरली का?

'पिंक फ्लॅग'मधल्या 'थ्री गर्ल ऱ्हुंबा'ची सुरुवात लावा, मग इलॅस्टिकाचं १९९४चं 'कनेक्शन' लावा. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. चोरी म्हणा, सलाम म्हणा. त्यामुळे नव्या पोरांनी 'पिंक फ्लॅग' विकत घेतला, हे खरं. वायरचीच गाणी इतरांनीही उचलली: आरईएमने १९८७ला 'स्ट्रेंज' केलं, मायनर थ्रेटने 'ट्वेल्व एक्स यू', बिग ब्लॅकने 'हार्टबीट'. तिन्ही बँड एकमेकांपासून कोसभर दूर, हीच त्यातली गंमत.

गिल्बर्ट गेल्यावर ही वायर म्हणायची का?

गिल्बर्ट २००४ला बाहेर पडला. तिघांनी 'ऑब्जेक्ट ४७' (२००८) काढला, म्हणजे त्यांच्या यादीतली सत्तेचाळिसावी वस्तू. आकड्यांची जुनी खोड. दौऱ्यांवर आधी मार्गारेट फीडलर मॅक्गिनिस गिटार वाजवत होत्या, २०१०पासून मॅथ्यू सिम्स आला. त्याचा बँड 'इट हग्ज बॅक'. वयाने बाकीच्यांच्या मुलाएवढा.

गिल्बर्टचा वेडेपणा गेला, हे कबूल. 'सेंड'मधला तो करवतीसारखा आवाज परत आला नाही. पण सिम्स आल्यावर लाइव्ह बँड भरदार झाला. 'रेड बार्क्ड ट्री', 'चेंज बिकम्स अस', २०२०चा 'माइंड हाइव्ह' हे कुणी म्हाताऱ्यांची पेन्शन म्हणून काढलेले अल्बम नाहीत. आणि २०२०चाच 'टेन ट्वेंटी' बघा: स्टेजवर वाजत राहिलेली, पण अल्बममध्ये जागा न मिळालेली गाणी त्यांनी नीट रेकॉर्ड करून एकत्र केली. शिवाय सिम्स आणि लुईस यांनी थायपॉलसँड्रा आणि ड्रमर व्हॅलेंटिना मॅगालेटी यांच्यासोबत 'यूयूयूयू' नावाचा बँडही केला. म्हणजे नव्या माणसालाही जुनी खोड लागली.

आणि तो महोत्सव?

'ड्रिल' महोत्सव २०१३ला लंडनमध्ये सुरू झाला, मग सिअ‍ॅटल, ब्रायटन, शिकागो, लीड्स, लॉस एंजेलिस, बर्लिन असा फिरला. शहरातल्या छोट्या-मोठ्या जागा, स्वतः निवडलेले बँड, आणि शेवटी 'पिंकफ्लॅग गिटार ऑर्केस्ट्रा'. वायरबरोबर डझनावारी गिटारवादक स्टेजवर चढत, त्यात स्थानिक मंडळी असत, आणि सगळे मिळून 'पिंक फ्लॅग' हे एकच गाणं वाजवत. ते गाणं जवळपास एकाच कॉर्डवर उभं आहे, त्यामुळे कुणीही येऊ शके. लॉस एंजेलिसचा महोत्सव २०१७ला, रॉक्सीच्या त्या रात्रीला चाळीस वर्षं होत असताना झाला. जुनं गाणं वाजवायचंच, तर ते असं.

मी पुण्यात बसलोय. कुठून सुरू करू?

'चेअर्स मिसिंग'. मग '१५४'. मग एकदम उडी मारून 'ए टू झी'. त्यानंतर 'स्नेकड्रिल', 'सेंड', 'चेंज बिकम्स अस'. डोम रात्री, घरचे झोपल्यावर. नाहीतर मिक्सर बिघडलाय का म्हणून आतून विचारणा होते. लाइव्ह ऐकायचं तर बँडने स्वतः काढलेली 'लीगल बूटलेग' मालिका आहे: जुन्या-नव्या कार्यक्रमांची टेप, फार न घासता-पुसता. 'पिंक फ्लॅग' मी यादीत टाकला नाही कारण तो तुम्ही सांगितल्याशिवाय ऐकणारच आहात.

आमच्या कॉलेजच्या बँडला 'ट्वेल्व एक्स यू' वाजवायचंय. काही सूचना?

सोलो घालू नका. ड्रमरला झांज कमी मारायला सांगा. गिटारवर हात वरून खालीच, खालून वर नाही. दोन मिनिटांच्या आत आटोपा आणि कुणी 'वन्स मोअर' म्हणालं तर दुसरं गाणं वाजवा.